शेरीफचा म्हातारा घोडा

पाविया, १२ ऑक्टोबर १९७८

प्रिय दादा,

आपल्या शेरीफच्या चित्रकथेच्या नव्या अंकाची गोष्ट टपालानं मिळाली. मी बरी आहे, गुडघा सोडून. धुकं सुरू झालंय, शाई लवकर वाळत नाही. तू कसा आहेस हे विचारत नाही, कारण उत्तर वहिनीच देतात.

परवाही फोन त्यांनीच घेतला.

"ते समुद्रावर फिरायला गेलेत."

"दादा? त्याला तर वाळूचा तिटकारा."

"माणसं बदलतात, फोस्का," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पाणी कुठंतरी मुरतंय. तू लिहायचं आणि मी चित्रं काढायची, इतकी वर्षं हेच चाललंय. घोडे, पिस्तुलं, त्यात भूत, भुतामागे खून आणि शेवटी आकाशातून उतरलेली तबकडी, अशी तुझी खिचडी. भूत खरं की खोटं, हे तू कधीच सांगायचा नाहीस. त्याचीच तुला ऐट होती.

या उन्हाळ्यापासून मात्र प्रत्येक भुताचा उलगडा होतो. कुणाला तरी औषध जास्त झालेलं असतं, आणि मात्रा अगदी बिनचूक. तुला खोकल्याचं औषधसुद्धा धड मोजता येत नाही. औषधांचं दुकान चालवतात त्या वहिनी.

शिवाय धक्का उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत द्यायचा, म्हणजे वाचणारा पान उलटतोच, हे तूच मला शिकवलंस. आता धक्का डाव्या पानावर येतो आणि उत्तर समोरच दिसत असतं. ही चूक तू झोपेतही करणार नाहीस.

संपादकांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "खप वाढलाय, बाई. कशाला खाजवून खरूज काढतेस?"

मला वाटलं, वहिनींनी कुणी भाडोत्री लेखक बसवलाय आणि तुला बाजूला सारलंय. रागारागातच टपालानं आलेल्या या नव्या गोष्टीची चित्रं काढायला घेतली. तिच्यात शेरीफचा म्हातारा घोडा त्याला ओळखेनासा होतो. शेरीफ चार पानं नुसता त्याच्याजवळ बसून राहतो, रोज नव्यानं स्वतःचं नाव सांगतो. गोळी नाही, भूत नाही. इतकं सगळं मिसळलंस, पण आपल्या खिचडीत तू प्रेम कधी घातलं नव्हतंस.

मग इस्टरचं जेवण आठवलं. तू मला आईच्या नावानं हाक मारलीस आणि आम्ही सगळे हसलो. वहिनी हसल्या नव्हत्या.

वहिनी, हे पत्र तुम्हीच वाचताय ना? आणि गोष्टीही तुम्हीच लिहिताय. तुमच्यावर नाही नाही तो संशय घेतला, त्याची लाज वाटते. धक्क्याची चौकट मी उजवीकडे सरकवली आहे, संपादकांना कळायचं नाही. अंकावर नाव दादाचंच राहू दे. रविवारच्या गाडीनं येते. तो समुद्रावर गेलाय असं तेवढं सांगू नका. त्यानं ओळखलं नाही, तर मीही शेजारी बसून माझं नाव सांगेन.

तुमची नणंद,
फोस्का