पनागरच्या बाजारातली गाडी

गोरखपूर, जबलपूर
गुरुवार, ८ जानेवारी २०२६

प्रिय इंदूताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. थंडी यंदा जोरात आहे. अवंतीची प्री-बोर्ड चालू आहे. ती रजईत बसून केमिस्ट्री पाठ करते आणि मधूनमधून आईवर ओरडते, म्हणजे तब्येत ठीक आहे. प्रतिमाने आणखी दोन शिकवण्या धरल्या. मी कामाला जातो ते वर्कशॉप हल्ली आठवड्यातून तीनच दिवस उघडतं. आज बंद आहे, म्हणून भर दुपारी लिहायला बसलो. शेजारचा विष्णू उद्याच्या गाडीने नागपूरला चाललाय, त्याच्या हाती हे देतो. रविवारी तू इकडे निघायच्या आत ते तुझ्या हातात पडायला हवं.

फोन काहून नाही केला, असं विचारशील. तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि भाऊजी बाजूला असतात. इकडे दोन खोल्यांत बाबांना सगळं ऐकू जातं. आणि खरं सांगायचं तर फोनवर तू लगेच रडतेस आणि मी लगेच खोटं बोलतो. कागदावर दोन्ही जरा जड जातं.

स्कूटीचं विचारलं होतंस. चालते. आधीच्या मालकाने तिला मुलीसारखं सांभाळलं होतं म्हणे. त्या माणसाच्या मुलीची मला काळजी वाटते. थंडीत बटणाने सुरू होत नाही. मी किका मारत असतो आणि समोरचे लोक गच्चीवरून मोजत असतात. गाडी होती तेव्हा पाचव्या मिनिटाला चौघं निघायचो. आता सगळं घर फेऱ्यांनी हलतं. आधी अवंतीला कोचिंगला सोडायचं, परत येऊन प्रतिमाला न्यायचं, मग भाजी. कुठे सगळ्यांनी जायचं असलं की त्या दोघी ऑटोने आणि मी नि बाबा स्कूटीवर. बाबांचा उजवा गुडघा वाकत नाही. तो पाय बाहेर काढून बसतात आणि प्रत्येक ट्रक त्या पायाला घासून जाणार अशी मला धास्ती असते. ते मात्र तक्रार करत नाहीत. तीस वर्षं फॅक्टरीत ट्रकची इंजिनं बसवलेला माणूस, उतरल्यावर एवढंच सांगतात, "टॅपेट वाजून राहिले रे हिचे, पाहून घे."

बघ, एवढं पान मी स्कूटीवर घालवलं. मुद्द्यावर येतो.

तू रविवारी येणार, सोमवारी बाबांना घेऊन जाणार, मंगळवारी मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली आहेस. नंतर त्यांना तुझ्याकडेच ठेवणार. हे सगळं तू ठरवलंस ते मी फोनवर सांगितलेल्या एका गोष्टीवरून. मी म्हणालो होतो की बाबांनीच गाडी विकायला लावली, कागदावर सही केली आणि दोन महिन्यांत साफ विसरले. पनागरला दुसऱ्याच्या हातात बघून "चोर चोर" करून बसले. आता तेच पुन्हा सांगतो. त्या दिवशी मधलं मधलं गाळलं होतं.

२८ डिसेंबरला पनागरच्या आपल्या जयाच्या नातवाचं बारसं होतं. प्रतिमा आणि अवंती ऑटोने पुढे गेल्या. पनागरच्या बाजारात पोचेपर्यंत बाबांचा पाय आखडला, म्हणून त्यांना चहाच्या टपरीच्या बाकावर बसवून मी पेढे घ्यायला गेलो. मटारचा हंगाम, सगळा रस्ता पोत्यांनी भरलेला. त्या गर्दीत आपली गाडी आली. वरच्या कॅरिअरवर मटारची पोती, आत चालवायला धनेश. भाजीचा व्यापारी आहे, नोव्हेंबरात मीच त्याला विकली. बाबांनी नंबर वाचला. मागच्या दारावरचा पोचाही ओळखला असेल, तो त्यांनीच फाटकाला धडकवून पाडला होता. काठी घेऊन ते सरळ गाडीपुढे उभे राहिले आणि ओरडले, "ये हमारी गाड़ी है! चोरी की गाड़ी है ये! पकड़ो इसको!"

म्हातारा माणूस, अंगावर स्वच्छ कोट, गाडीचा नंबर तोंडपाठ. लोकांना आणखी काय हवं? धनेशला खाली ओढलं. तो "कागज हैं भैया, कागज दिखाता हूँ" म्हणत होता आणि लोक त्याला मारत होते. शर्ट फाटला, ओठ फुटला.

ताई, मी तिथेच होतो. फोनवर म्हणालो ना, की मी दुकानातून आलो तोवर पोलीस आले होते? तसं नाही झालं. पहिल्या थपडेच्या वेळी मी पेढ्यांचा डबा धरून गर्दीच्या मागे पोचलो होतो. सगळं एका नजरेत कळलं. तोंड उघडलं असतं तर मार तिथेच थांबला असता. पण मग मी काय बोलणार आणि ते कुणासमोर, हे डोक्यात आलं आणि पाय हलेनात. तो माणूस मार खात होता आणि मी कान लाल करून उभा होतो. पोलिसाने शिट्टी वाजवली तेव्हा पुढे झालो.

चौकीत धनेशने कागद काढले. दरोगा भला माणूस होता. बाबांना खुर्ची दिली, कागद समोर ठेवला आणि विचारलं, "बाबूजी, ये दस्तखत किसके हैं?"

बाबांनी खिशातून चष्मा काढला, रुमालाने पुसला, कागद उजेडाकडे धरला. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी तुला लिहून कळवू शकत नाही. मग म्हणाले, "हमारे ही हैं, साहब. हमने ही बेची थी. भूल गए. उमर हो गई."

उठून त्यांनी धनेशपुढे हात जोडले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. धनेशच रडायला लागला, "अरे नहीं बाबूजी, हमारे भी बाप हैं" म्हणाला आणि तक्रार लिहू दिली नाही. दरोगा मला म्हणाला, "इनका इलाज कराइए. अकेला मत छोड़ा कीजिए." मी "जी" म्हणालो. बाहेर आल्यावर धनेश म्हणाला, "बाबूजी, ठंड है, गाड़ी से छोड़ देते हैं." बाबा म्हणाले, "नहीं बेटा, अपनी सवारी है," आणि पाय बाहेर काढून स्कूटीवर बसले.

आता ऐक. बाबा काही विसरले नव्हते. विसरायला आधी माहीत असावं लागतं. गाडी विकली हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

गाडी त्यांच्या नावावर, त्यांच्या फंडातून घेतलेली. माझा पगार ऑगस्टपासून अर्धा झाला, हे मी त्यांना सांगितलं नाही. गाडी विकू का असं विचारलं असतं तर तेही सांगावं लागलं असतं. सेहेचाळीस वर्षांचा मुलगा बापाला कसं सांगेल की मला आता हे घर पेलत नाही? दसऱ्याला त्यांनी गाडीला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी शेजारी उभा राहून नमस्कार केला आणि तेव्हा गिऱ्हाईक ठरलेलं होतं. दिवाळीनंतर एका सकाळी ते दाढी करत असताना मी कागद पुढे केले. म्हणालो, "बाबा, गाडीचा विमा संपून राहिला, इथं सही करा." त्यांचा चष्मा आतल्या खोलीत होता. मी तो आणून दिला नाही. "कुठं?" त्यांनी विचारलं, मी बोट ठेवलं, त्यांनी सही केली आणि पुन्हा साबण लावला. फोनवर आलेला ओटीपीही मीच वाचून घेतला, त्यांचा फोन माझ्याकडेच असतो. मग सांगितलं की गाडी गॅरेजमध्ये आहे, गिअरबॉक्सचा पार्ट यायचा आहे. तू हस, कुणाला सांगितलं बघ! दर दोन दिवसांनी विचारायचे, "कोणता पार्ट? चाल, मी येतो पाहायला." दोन महिने मी त्यांना आज गॅरेज बंद आहे, उद्या मिस्त्री नाही, असं सांगत फिरवलं. प्रतिमाला वाटत होतं की त्यांना विकल्याचं माहीत आहे आणि विषय काढला की त्यांना त्रास होतो. सहीचं तर तिला आजही माहीत नाही. आता तीही बाबांच्या गोळ्या मोजून देते आणि गॅसचं लायटर उचलून ठेवते.

पनागरहून येताना मधे पाय मोकळा करायला थांबलो तेव्हा बाबा बोलले. "विमा म्हणाला होतास ना तू?"

मी "हो" म्हणालो.

"मागितली असती तर दिली नसती काय बे मी सही?"

मी स्कूटीचा आरसा पुसायला लागलो. मग तेच म्हणाले, "कोणाला सांगू नको. इंदूलाही नको. पोरगी बारावीत आहे तुझी, तिच्या बापाला लोक लबाड म्हणतील. म्हातारा विसरला, बस. म्हाताऱ्याचं काय जाते?"

त्यानंतर आज अकरा दिवस, ते माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. आणि मी त्याच संध्याकाळी तुला फोन करून त्यांनी दिलेलं खोटं आनंदाने पुढे चालवलं. खरंच, हलकं वाटलं मला. लाज वाटते लिहायला, पण वाटलं.

म्हाताऱ्याचं काय जातं, ते या आठवड्यात कळलं. दीक्षितपुऱ्यात आपल्या मंडळाचं वाचनालय आहे, त्याची चावी सोळा वर्षं बाबांकडे होती. पनागरची बातमी इथे पोचली. सोमवारी मंडळाचे भय्यासाहेब आले, चहा घेतला, थंडीचं बोलले आणि म्हणाले, "शालिग्रामजी, आता आराम करा. चावी आम्ही ठेवू. तुमच्या लक्षात नाही राहिलं तर उगाच तुम्हालाच त्रास." बाबांनी जानव्याला बांधलेली किल्ली सोडून हातात दिली. गाठ सुटत नव्हती तर भय्यासाहेब लहान मुलाची सोडवावी तशी सोडवायला पुढे झाले. बाबांनी त्यांचा हात बाजूला केला आणि स्वतः सोडवली. मी तिथेच उभा होतो. तेव्हाही गप्प.

आणि काल. तू फोन केलास आणि विचारलंस, "बाबा, आज वार कोणता?" बाबा म्हणाले, "सोमवार असंन." तू रडायला लागलीस, मला ऐकू आलं. ताई, बाबांच्या मांडीवर त्याच दिवसाचा पेपर होता. सकाळपासून तिसऱ्यांदा वाचत होते. वर बुधवार छापलेलं, त्यावर त्यांचं बोट होतं. तुझा फोन ठेवला, चष्मा नीट केला आणि अर्धवट राहिलेली बातमी पुढे वाचायला लागले.

तुझ्या त्या डॉक्टरलाही ते असंच उत्तर देतील. विचारलं ते सगळं चुकवतील, एकही बरोबर सांगणार नाहीत, कारण त्यांनी माझ्यासाठी शब्द दिला आहे आणि तो शब्द ते मरेपर्यंत पाळतील, हे तुला नि मला दोघांना माहीत आहे. डॉक्टर गोळ्या देईल. त्या ते निमूट घेतील. लोक त्यांच्याशी हळू आणि मोठ्याने बोलायला लागतील. वर्षभरात खरं काय नि खोटं काय ते कुणालाच कळायचं नाही.

म्हणून ती वेळ रद्द कर. रविवारी मात्र ये. भाऊजींना घेऊन ये. मला आजवर त्यांच्यासमोर मान खाली घालायची नव्हती, आता घालतो. प्रतिमा आणि अवंती घरी असतील, भय्यासाहेबांना मी स्वतः जाऊन बोलावतो. धनेशकडे शनिवारी जाऊन येतो, त्याला जे सांगायचं ते सांगतो, मग त्याने काहीही करो. तू फक्त एक कर. सगळ्यांसमोर, बाबांसमोर, मला विचार की गाडी कोणी विकली. बाबा मधे बोलतील. "मीच विकली, विसरलो" म्हणतील. तू त्यांचं ऐकू नकोस. पुन्हा मलाच विचार. एकदा विचारून मी नाही बोललो तर दुसऱ्यांदा विचार. मी स्वतःला ओळखतो, म्हणून सांगून ठेवतो.

भांडलीस तरी चालेल. बाबांनी तुझ्याकडे यायचं ठरवलं तर तेही चालेल, पण ते त्यांनी ठरवलेलं असू दे, आजारी म्हणून उचलून नेलेलं नको. त्यांना सगळं आठवतं, ताई. तुझ्या लग्नातल्या वऱ्हाडाच्या बसचा नंबरसुद्धा आठवतो. ते माझ्याशी बोलत नाहीत, तेही आठवतं म्हणूनच.

खाली काय लिहू कळत नाही. तुझा भाऊ, की आणखी कोणी, ते तू रविवारी माझं उत्तर ऐकून ठरव.

गौतम