मशीन सुरू झालं

४ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

आमच्या लाँड्रीतल्या बुटकीचा उजवा हात मंगळवारी चादरी इस्त्री करायच्या मशीनमध्ये सापडला. तीन बोटं गेली. ती म्हणते, स्विचवर 'सुरू करू नये'ची माझी पाटी अडकवूनच रोलर पुसायला वाकले. ऑफिस म्हणतं पाटी नव्हती, चूक तिचीच, तिला कामावरून काढायचं. मी सुपरवायझर, तेव्हा माझा जबाब इंग्रजीत हवाय. लिही: बुटकी रोलर पुसत होती, मशीन सुरू झालं. बास. मास्तरीण झालीस म्हणून पाल्हाळ लावू नकोस.

तुझी मावशी

९ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

बुटकीमावशींचं वाचून आई जेवलीच नाही.

जबाब लिहायला बसले आणि अडले. कालच नववीला इंग्रजीतली सकर्मक-अकर्मक क्रियापदं शिकवली. काहींना कर्म लागतंच, काही कर्मावाचून भागवतात, आणि 'स्टार्ट'सारखी दोन्हीकडे चालतात. मशीन सुरू झालं असं लिहिलं, की वाक्य पुरं होतं, पण सुरू करणारं कुणी लागतच नाही. हेच वाक्य फळ्यावर लिहिलं तर मुलं मागे लागली, बाई, मग केलं कुणी? मीही तेच विचारते. रागावू नकोस. तुमच्याकडे जिची पाटी तिनंच काढायची, हे तूच मला सांगितलंयस. मग बुटकीमावशींची पाटी गेली कुठे?

तुझा राग ओसरला की लिही.

भिंगरी

१३ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पाटी मी काढली. चादरींचा ढीग साचला होता. वाटलं, ही नेहमीसारखी पाटी काढायची विसरून चहाला गेली. हाक मारली नाही, पलीकडे वाकून बघितलं नाही. पाटी खिशात टाकली न् बटण दाबलं. ऑफिसनं विचारलं तेव्हा गप्प बसले.

इंग्रजीची वाट बघितली नाही. मराठीतच लिहून काल साहेबांच्या टेबलावर ठेवलं, वर पाटी ठेवली. बुटकीची नोकरी राहिली. मला घरी बसवलंय, ते बरोबरच आहे.

तिथून दवाखान्यात गेले. बुटकीला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. बावीस वर्षं एका बाकावर डबा खाल्ला आम्ही. मी स्टुलावर बसून राहिले. वेळ संपली तशी नर्सनं उठवलं. आज परत जाणार आहे. उद्याही. बोलली नाही तरी.

आईला हे पत्र वाचून दाखव, गाळू नकोस काही. आणि तुमची माझ्यावरची माया, उरली असेल तेवढी, राहू द्या.

तुझी मावशी