कृष्णविवराचे वेध आणि कानबाईचा रोट

म्हसावद,
शनिवार, दुपार

तीर्थस्वरूप उमाकांतमामांस,

रंजिताचा नमस्कार. (वाकून केलेला आहे, कागदावर ते दिसत नाही म्हणून नमूद करते.) तुमचा गुडघा कसा आहे? "बरा आहे" हे उत्तर पुरेसं नाही. जिना चढताना दुखतो की उतरताना, तेवढं सांगा. मामींची रक्तदाबाची गोळी चालू असेलच. इथे सर्वांच्या प्रकृती उत्तम आहेत, असं आज सकाळपर्यंत लिहिता आलं असतं. आता घरातली निम्मी माणसं आजारी आहेत. ती का, ते पुढे येईल. काळजीचं कारण नाही. म्हणजे त्यांच्या प्रकृतीच्या काळजीचं नाही.

फोन केला असता. पण उद्या कानबाईचा रोट आहे, सगळी भाऊबंदकी (कुळातली झाडून सगळी घरं) जमली आहे, आणि घरात माणूस नसलेला कोपरा मला सापडला नाही. मेसेज तुम्ही दोन ओळींपुढे वाचत नाही. म्हणून कुंदनदादाच्या हाती हा कागद पाठवते. तो लोणखेड्याला खोकल्याचं औषध आणायला येतो आहे. (त्याला खोकला नाही. त्याला कचोरी हवी आहे.)

रोट हा कानबाई देवीचा प्रसाद, तो भाऊबंदांनीच खायचा असतो, त्यामुळे तुम्हाला त्याचं बोलावणं कधी गेलं नाही, आणि आतली पद्धत तुम्हाला नीट माहीत नसेल. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मुठी मोजून गहू घ्यायचे, ते घरीच दळायचे, आणि रोट घरच्यांनीच संपवायचा. (मुलींच्या नावाची मूठ नसते. मी तक्रार करत नाही, मोजणीची पद्धत सांगते.) दळायला कधी बसायचं आणि चूल कधी पेटवायची, हे मोठी माय ठरवते. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, थोरल्या वहिनी, आमच्या छगनबाबांच्या कमलबाई, ज्यांच्यासमोर तुम्ही माझ्या आईच्या लग्नापासून आजतागायत चहाला साखर कमी आहे असं म्हणू शकलेला नाहीत. घरातला कुठलाही मोठा निर्णय तिच्या होकाराशिवाय होत नाही. मला नेदरलंड्सला दोन वर्षांचं काम मिळालं आहे, हे तुम्हाला आणि आप्पांनाच माहीत. सोमवारी मला उत्तर कळवायचं आहे. आप्पांचा बेत असा होता की रोट झाला की मोठी माय प्रसन्न असते, त्याच बैठकीत विषय काढायचा. बेत चांगला होता. तो मी स्वतः मोडला, आणि तोही एकही चुकीचं वाक्य न बोलता.

झालं असं. सकाळी बायका गहू निवडत होत्या. कुंदनदादाने माझ्या कामाचं एक चित्र भाऊबंदकीच्या ग्रुपवर टाकलं होतं, ते त्याने मोठी मायला मोबाईलवर दाखवलं. हे काय, असं तिने विचारलं. मी "काही नाही" म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी समजावून सांगितलं. हजारो दीर्घिकांचा एक समूह असतो, त्यांच्यामधल्या पोकळीत तापलेला वायू भरलेला असतो. मधोमध एक प्रचंड कृष्णविवर. ते गिळतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण गिळता गिळता ते इतक्या जोराने बाहेर फेकतंही, की आजूबाजूचा वायू बाजूला सारला जाऊन खळगा पडतो. (भाकरी फुगताना वाफ पापुद्रा उचलते तसं, असं मी म्हणाले. चुलीचा उल्लेख करायला नको होता.) या खळग्यात आपल्या आकाशगंगेसारख्या कितीतरी आकाशगंगा ओळीने मावतील, हेही सांगितलं. त्यावर बायकांनी "माय वं!" म्हटलं आणि मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

मोठी मायने मात्र सूप खाली ठेवलं. तिने मला जे प्रश्न विचारले, तसे नेमके प्रश्न पुण्यातल्या आमच्या गटातही कोणी विचारत नाही. "आठून दिखस का?" मी म्हणाले, दिसतं, आमची दुर्बीण महाराष्ट्रातच आहे, आणि तो भाग आत्ता क्षितिजाच्या वर आहे. "लागनं का आपलेलोंग?" मी म्हणाले, त्याचा प्रकाश पंचेचाळीस कोटी वर्षं प्रवास करून पोहोचला आहे, म्हणून तर दिसतं. "सुटनं का मंग?" मी म्हणाले, नाही, खळगा अजून पसरतो आहे. कधी सुटेल याला मी प्रामाणिकपणे काही कोटी वर्षं हा अंदाज दिला आणि त्यातली अनिश्चितताही सांगितली.

ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "वेध लागनात. जातं थांबाडा."

आप्पा म्हणाले, वहिनी, ग्रहण सूर्याचं नाहीतर चंद्राचं असतं. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "हाई त्यासनापेक्षा मोठं शे का लहान?" मी काय सांगणार होते, मामा? मोठं आहे. खूपच मोठं आहे.

तेव्हापासून जातं बंद आहे. अर्धं दळलेल्या पिठावर आईने तुळशीची पानं ठेवली आहेत. चूल नाही, चहा नाही. वेधात प्रवास करायचा नसतो, त्यामुळे सुरतहून आलेली मंडळी परतही जाऊ शकत नाहीत. वेधातून आजारी, म्हातारे, गरोदर बायका आणि लहान मुलं यांना सूट असते, हे बाहेर पडल्याबरोबर छगनबाबा "माले शुगर शे" म्हणून आत जाऊन केळी खाऊन आले. पाठोपाठ दोन काकांना पित्त झालं, एका वहिनीला चक्कर आली, आणि चाळिशीच्या भिलाकाकांनी स्वतःला म्हातारं जाहीर केलं. कानबाईचा चौरंग मांडून तयार आहे, आणि आकाशातल्या भानगडीसाठी माझ्याकडे बघितलं जातं आहे. रोट राहिला तर घराचं काय होईल, हे कोणी बोलत नाही. पण मी जवळून गेले की बोलणं थांबतं.

यावर एक सोपा उपाय आहे, आणि तोच मला नको आहे. त्या खळग्याची कड खरी आहे की चित्र तयार करताना राहून गेलेला आमचाच दोष आहे, हे अजून शंभर टक्के ठरलेलं नाही. प्रिस्किला (माझ्याच गटातली, नवापूरची) सगळी मोजमापं पहिल्यापासून पुन्हा करते आहे. आज तिचा निरोप येणार आहे. दोष निघाला तर खळगा नाही, वेध नाहीत, रोट होईल. आणि नेदरलंड्सचं कामही नाही, कारण ते याच कडेच्या जोरावर मिळालं आहे. कड खरी निघाली तर काम आहे, पण रोट नाही, बैठक नाही, होकार नाही. मी दर थोड्या वेळाने मोबाईल पाहते आणि निरोप आलेला नाही हे पाहून मला सुटल्यासारखं वाटतं. ही काही शास्त्रीय वृत्ती नव्हे.

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार. तुम्ही जिने सावकाश चढावेत.

आपली,
रंजिता

ता. क. हे पत्र तुमच्या गुडघ्याच्या चौकशीसाठी लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. मोठी माय तुमचं पंचांग मानते. परदेशात दिसणारं ग्रहण पाळू नका, हे तुम्ही मागे एकदा सांगितलंत आणि तिने ऐकलं. तेव्हा आज संध्याकाळी या, अंगणात उभे राहा आणि फक्त "सुटलं" म्हणा. स्पष्टीकरण देऊ नका. स्पष्टीकरणाने काय होतं ते वर लिहिलं आहे. मला हे म्हणता येत नाही, कारण ते सुटलेलं नाही. तुम्ही भूगोल शिकवला आहे, तुम्हाला चालेल.

ता. क. दुसरा. प्रिस्किलाचा निरोप आला. कड खरी आहे. लवकर निघा.

ता. क. तिसरा. कुंदनदादाने गाडी चालू केली होती, त्याला थांबवून हे लिहिते. मोठी माय आत्ता माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "बेटा, ग्रहनमा कोनी गाव सोडस का?" मी म्हणाले, नाही, पद्धत तशी नाही. "मंग? विमानमा बठस का कोनी?" (विमानाचं तिला आप्पांनी सांगितलेलं नाही, मी सांगितलेलं नाही. हा कागद मघाशी कुंदनदादाच्या हातात होता, आणि आता तो गाडीच्या आरशात बघतो आहे.) तिने माझ्या हातावर हात ठेवला, मग उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली की बसल्यात काय, जात्याला लागा. बायका चकित. आईने विचारलं, सुटलं का? मोठी माय माझ्याकडे बघून म्हणाली, "रोटले सुटनं. तिले नही."

जातं सुरू झालं आहे. सगळे आजारी बरे झाले. तेव्हा मामा, तुम्ही याच, आणि तेच एक वाक्य म्हणा. फक्त आता ते माझ्यासाठी म्हणा. आणि म्हणताना तिच्या डोळ्यांकडे बघू नका. मी आत्ताच बघितलं, आणि सोमवारी काय कळवायचं ते मला सांगता येईनासं झालं आहे.