ऐंशी वर्षं जगण्याची अट

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, विधानसभेची विद्यमान सदस्य, जिला मतदारसंघात सगळे 'वहिनीसाहेब' म्हणतात, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि स्वतःच्या मर्जीनं लिहीत आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही, असं इथं लिहायची रीत आहे. दडपण आहे. पण ते लिही म्हणणाऱ्याचं नाही, लिहू नको म्हणणाऱ्याचं आहे.

१. राहतं घर माझ्या एकुलत्या मुलीला. वरचा मजला गेले सहा महिने बंद आहे. मी खाली स्वयंपाकघराशेजारी झोपते आणि खिडकीला आतून दुसरी कडी लावून घेतली आहे. कारण पुढं येईल.

२. शिलाई मशीन भाचीला. पट्टा नवा घालून घे. तुझ्या आईला, म्हणजे माझ्या नणंदेला, काही नाही. नवी नवरी असताना 'हिच्या जिभेला हाड नाही' म्हणून तिनं घरभर डांगोरा पिटला होता. मी अकरा वर्षं तोंडात मूग धरून बसले, तेव्हा मात्र तिनं एकदाही विचारलं नाही, का गं?

३. आमदारकी कोणाच्या नावे करता येत नाही. मला मात्र ती तशीच मिळाली. यजमान आमदार होते. धाकट्या भावाचं, म्हणजे माझ्या दिरांचं, बांधकाम बघायला गेले आणि पाचव्या मजल्यावरून पडले. पोटनिवडणुकीचा अर्ज दिरांनीच भरून आणला. म्हणाले, "वहिनी, तुम्ही नुसतं बसायचं. बोलायचं मी बघतो." प्रेक्षक सज्जात ते चष्मा काढायचे, की मी हात वर करायचा.

गेल्या अधिवेशनात नदीकाठची बांधकामबंदी उठवायचं विधेयक आलं. काठावर चारशे घरांची वस्ती आहे, बंदी उठली की तीही उठणार, आणि तिला लागूनच आमची जमीन: अर्धी माझी, अर्धी दिरांची. चष्मा निघाला. माझा हात वर गेला नाही. उभी राहून म्हणाले, "माझं मत विरोधात." विधेयक एका मतानं पडलं.

बाहेर दिरांनी माझ्यासाठी गाडीचं दार धरलं. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "दादाही असाच हट्टी होता." बस, एवढंच. त्या दिवसापासून मी बाहेरचा चहा घेत नाही, लिफ्टमध्ये एकटी चढत नाही.

म्हणून जमिनीची वाटणी अशी: मी ऐंशी ओलांडून आजारपणानं गेले, तर माझा हिस्सा दिरांना. त्याआधी गेले, किंवा कधीही पडून, बुडून, काही खाण्यात येऊन गेले, तर तो वस्तीतल्या रहिवाशांच्या संस्थेला, कायमचा.

हा मसुदा माझ्याच सांगण्यावरून वकीलबाईंनी दिरांना वाचून दाखवला. ते नुसते हसले. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी फोन येतो. "वहिनी, बीपीची गोळी घेतली ना?" मी हो म्हणते, आणि फोन ठेवून खिडकीची कडी पुन्हा तपासते.

४. हे कलम मसुद्यात नव्हतं. दिरांना ते ठाऊक नाही.

पोरी, हे तुझ्यासाठी. तू तेव्हा विचारलं होतंस, "आई, बाबांना उंचीची भीती वाटायची, मग ते कडेला गेलेच कसे?" मी म्हणाले, "जेवून घे." आमच्या ड्रायव्हरनं मला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं, "धाकटे साहेब सोबत वर गेले होते, आणि एकटेच खाली आले." दिरांनी मात्र आपण त्या दिवशी तिकडं फिरकलोच नाही, असं सांगितलं. सगळं कळत असून मी पोलिसांसमोर लिहून दिलं, 'माझा कोणावरही संशय नाही.' तुला सांभाळायचं होतं, अशी मी मनाची समजूत घातली. खरं सांगायचं तर माझी बोबडी वळली होती. आजही वळलेली आहे.

तो जबाब मी इथं मागं घेते. माझा संशय माझ्या दिरांवर आहे. ड्रायव्हर हयात आहे, बोलायला तयार आहे, त्याचा पत्ता वकीलबाईंकडे आहे. या कलमाची प्रत वकीलबाईंनी माझ्या मरणाची वाट न बघता आजच पोलिसांत द्यावी.

सही: (माझीच, कोणी हात धरून करवलेली नाही.)

साक्षीदार पहिले: सभागृहाचे निवृत्त लघुलेखक. अकरा वर्षांत माझं एकच वाक्य त्यांनी टिपलं.
साक्षीदार दुसऱ्या: शेजारच्या शिंपीणबाई.

ठिकाण: तळमजल्यावरची खोली, दार आतून बंद.
दिनांक: अधिवेशनाआधीचा सोमवार, सकाळचा फोन येण्यापूर्वी.