केळुसकर स्थिरांक

२७ ऑक्टोबर १९८५, रविवार. मिठबाव.
माझे गाइड, सर, म्हणतात, शास्त्रज्ञाने फील्डबुकात फक्त आकडे लिहावेत. मतं, राग, पोटदुखी तिथे नको. म्हणून ही दुसरी वही.
परिस्थिती उत्तम आहे. पीएच.डी.च्या नोंदणीला सहा वर्षं नऊ महिने झाले. मुदतवाढ दोनदा मिळाली. आता शेवटची तारीख ३१ मार्च. पाच महिने म्हणजे चैन आहे. मालवणच्या कॉलेजातून लांब रजा घेतलीय. प्रिन्सिपॉल म्हणाले, "केळुसकर, तुम्ही नसलात तरी आमचं काही अडणार नाही." कौतुकानेच म्हणाले असावेत.
बायको सुनीती मालवणलाच. तिची शाळेतली नोकरी आहे. रविवारी जमलं तर येते.

२८ ऑक्टोबर, पौर्णिमा. सकाळी ७.
मोजणी झाली. राखीव १: नव्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, ४१. राखीव २: ३९. खुल्या दोन्हीत मिळून ३.
कधी काळी हे चरित्रासाठी लागेल, म्हणून पद्धत लिहून ठेवतो. खाडीत ओहोटीला उघडी पडणारी वाळू आहे. तिथे बांबू रोवून मी तीन वर्षांपूर्वी चार चौकोन आखले. दोन राखीव, म्हणजे तिथल्या तिसऱ्या कुणी काढायच्या नाहीत. दोन खुले. पौर्णिमा-अमावास्येला पाणी सगळ्यात खाली जातं. तेव्हा पहाटे वाळू चाळायची, नव्या शिंपल्या मोजायच्या, खूण करून पुन्हा टाकायच्या. पहिल्या वर्षी चारही चौकोन कोरडे निघाले. त्या वर्षाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दुसऱ्या वर्षापासून राखीव चौकोनांत वाढ सुरू झाली. पावसात खाडी सगळं धुऊन नेते, पण नंतर पुन्हा दर पंधरवड्याला अडतीस ते बेचाळीस. सरासरी चाळीस. निसर्गात इतकी शिस्त मी तरी पाहिलेली नाही. याला मी केळुसकर स्थिरांक म्हणतो. अर्थात मनातल्या मनात. नावं दुसऱ्यांनी द्यायची असतात.
मोजताना जानकीकाकी बांधावर बसून बघत होती. साठीची असेल. जन्म तिसऱ्या काढण्यात गेला. मुलगा मुंबईला गोदीत, इथे ती आणि सून सावित्री. अक्षरशत्रू आहे, पण माझ्या कामाबद्दल तिला कौतुक. दर वेळी विचारते, "गावले मां, मास्तरानू?" मी आकडा सांगतो. तिला आकड्यातलं काय कळणार, पण हसते. सामान्य माणसापर्यंत विज्ञान न्यायचं म्हणतात ते हेच.

१२ नोव्हेंबर, अमावास्या. लक्ष्मीपूजन.
४०, ४०. स्थिरांकाचा असा ठोस पुरावा आणि तोही दिवाळीला!
सुनीतीचं पत्र. घरी एकटीने दिवे लावणार म्हणते. अमावास्या आज आहे, त्याला मी काय करू? डॉक्टरेट मिळाल्यावर दोघं कुठेतरी जाऊ. म्हैसूरला. नक्की.
दुपारी जानकीकाकीने तिसऱ्यांची एकशिपी आणून दिली. उत्तम होती. ताटली परत द्यायची आहे.

१९ नोव्हेंबर.
सरांचं पत्र. प्रकरण तीन आवडलं. मात्र एक शंका: "सर्व शिंपल्या दीड ते दोन इंचांच्या कशा? पिल्लं कुठे आहेत? संख्या वाढते तर जन्म दिसला पाहिजे."
बारीक प्रश्न आहे. सर मुंबईत बसतात, खाडी त्यांनी नकाशात पाहिलीय. उत्तर लिहिलं: पिल्लं खोल वाळूत राहत असावीत. मग पुन्हा वाचून 'असावीत' खोडलं, 'राहतात' केलं. थिसिसमध्ये ठामपणा पाहिजे.

२७ नोव्हेंबर, पौर्णिमा.
३१, २८. किरकोळ घसरण. चाळणीला भोक पडलं असेल. तपासली. नव्हतं.
जानकीकाकी बांधापर्यंत आली आणि मधेच खाली बसली. छातीवर हात. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काय नाय, वाईच दम लागलो." या वयात गुडघे दुखतातच. वजन कमी कर म्हणून सांगितलं. वजन फार नाहीये तिचं, पण सर्वसाधारण सल्ला म्हणून ठीक.

१२ डिसेंबर, अमावास्या.
९ आणि ०.
पुन्हा चाळलं. ९ आणि ०.
कारणांची यादी: (१) थंडी, (२) यांत्रिक होड्यांचं तेल, (३) खारेपणा. उद्या देवगडहून थर्मामीटर आणणार. घाबरण्याचं कारण नाही. एखादा आकडा वाकडा निघाला म्हणून नियम मोडत नाही.
जानकीकाकी आज आलीच नाही. नेमकं आजच कुणाशी तरी बोलावंसं वाटत होतं.

१५ डिसेंबर, रविवार.
सुनीती आली. मी आलेख दाखवत होतो, तर ही ताटली द्यायला म्हणून जानकीकाकीकडे गेली ती दोन तासांनी परतली. म्हणाली, "पाय बघितलेत त्यांचे? मडक्यासारखे सुजलेत. आडवं झालं की श्वास लागतो, म्हणून बसून झोपतात. उद्याच्या उद्या देवगडला डॉक्टरकडे न्या."
मी म्हटलं, सत्तावीसची मोजणी होऊ दे. वाढ का थांबली ते आधी कळायला हवं, त्यासाठी रोज तापमान घ्यावं लागतंय, एक दिवस चुकला तर मालिका तुटते. सुनीती पिशवी भरू लागली. जाताना एसटीच्या खिडकीतून म्हणाली, "तुम्ही नेणार आहात ना?" मी हो म्हटलं. नेणारच आहे.

२७ डिसेंबर, पौर्णिमा.
०, ०. खुणेच्या होत्या त्याही कमी झाल्या. थर्मामीटर व्यवस्थित चालतो.
काकीला पाहून आलो. भिंतीला टेकून बसली होती. चेहरा फुगलेला, त्यामुळे तब्येत सुधारल्यासारखी वाटली. पहिला प्रश्न: "गावले मां?" खोटं बोलवेना. नाही म्हटलं. तिचा चेहरा इतका पडला की मलाच धीर द्यावा लागला. सावित्रीला म्हणाली, "गो, माका धर. खाडयेर जावंया." सावित्री ओरडली तिच्यावर. आजारात माणूस असं काहीबाही बोलतं.
पुढच्या अमावास्येनंतर नक्की नेतो.

११ जानेवारी १९८६, शनिवार. देवगड.
काल ०, ०.
आज तिला नेलं. एसटीत चढवायला कंडक्टरने आणि मी मिळून उचललं. डॉक्टर तरुण आहेत. तपासून मला बाहेर बोलावलं. हृदय थकलंय, फुप्फुसात पाणी झालंय. "महिनाभर आधी आणलं असतं तर औषधाने बरंच सावरलं असतं. आता बघू या." मी म्हटलं, मी आणणारच होतो. ते म्हणाले, "तुम्ही मुलगा का?"
नाही म्हणालो. संशोधक आहे, असं सांगितलं.

१७ जानेवारी.
दवाखान्यात ठेवल्यापासून जानकीकाकीला जरा आराम वाटला, बोलू लागली. जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहितो. नंतर मी ते बदलीन, अशी मला भीती वाटते.
म्हणाली, "मास्तरानू, माझा चुकला. ह्या दोन म्हयन्यांत तुमचे तिसरे माझ्यान घालूक होवक नाय."
मला कळेना. कुठे घालायचे?
"तुमच्या चौकानात. पुनवेच्या, आवसेच्या आदल्या सांजेक. सुकती आसली, पाणी उतरलां की दोन पसे ह्येच्यात, दोन पसे त्येच्यात. माझ्याच टोपलेतले."
का, म्हणून विचारलं.
"पयल्या वर्सा तुमी थंय चिखलात बसान रडा होतास. माका बघवूक नाय. इतको शिकललो माणूस. म्हटलां, चार तिसरे गावले तर बरां वाटतलां. मगे तुमी हसाक लागलास. मगे कसां थांबवतलंय?"
मी बाहेर जाऊन उभा राहिलो. त्या वर्षी मी रडलो नव्हतो. डोळ्यात वाळू गेली होती.
रडलो होतो.

१८ जानेवारी.
शांतपणे विचार केला. म्हातारी माणसं वाढवून सांगतात. दोन पसे तिसऱ्यांनी तीन वर्षांच्या विज्ञानाला काय फरक पडणार? शिवाय अपवाद म्हणून वगळता येईल.
बाजारात जाऊन तिसऱ्यांच्या वाट्यासमोर बसलो. दोन्ही हातांची ओंजळ भरून मोजली. एक पसा: वीस. पुन्हा: एकोणीस. पुन्हा: एकवीस.
दोन पसे म्हणजे चाळीस.
तिच्या तळहाताची रुंदी मी प्रकरण तीनमध्ये आलेखावर काढलीय. पिल्लं नव्हती, कारण जानकीकाकी पिल्लं काढत नाही. ती वाळूतच सोडते. हे मला तीन वर्षांपूर्वीच माहीत होतं. तिनेच सांगितलं होतं.

२ फेब्रुवारी, रविवार.
जानकीकाकी पहाटे गेली. आठवड्यापूर्वी हट्टाने दवाखान्यातून घरी आली होती. मुलगा वेळेत पोचला नाही. सुनीती कालपासून इथेच होती. तिने सगळं केलं. मी लाकडं आणायला गेलो.
संध्याकाळी तिच्या घरून परत येताना सुनीतीला म्हटलं, पंधरा डिसेंबरला नेलं असतं तर. वाटलं, ती म्हणेल तसं काही नसतं. ती चालत राहिली. म्हणाली, "हो."

२० फेब्रुवारी.
थिसिस टाइप होऊन आला. चार प्रती, काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. देखणा दिसतो.
माझ्याशिवाय कुणाला काही माहीत नाही. सुनीतीलाही मी सांगितलेलं नाही. डिसेंबरपासूनचे आकडे 'प्रदूषणामुळे' म्हणून शेवटच्या प्रकरणात बसतात. बसतात म्हणजे छानच बसतात. सरांनी मंजूर केलं. असंख्य थिसिसांत याहून मोठ्या चुका असतील. शिवाय जानकीकाकीला मी डॉक्टर व्हावं असंच वाटत होतं, नाही का? तिची इच्छा म्हणूनसुद्धा सादर केला पाहिजे. ऋणनिर्देशात तिचं नाव घालतो. 'स्थानिक रहिवाशांचे आभार' असं आहेच तिथे.

१० मार्च, अमावास्या.
शेवटची मोजणी. गरज नव्हती, तरी गेलो. सावित्री इतर बायकांबरोबर लांब, खाडीच्या वळणावर काढत होती. तिला हाक मारली. म्हटलं, आता राखीव चौकोनातल्याही काढा, माझं काम संपलं.
ती आली, पायाने वाळू दाबून बघितली. "हंय काय गावाचा नाय, मास्तरानू. हंयसर वाळू घट्ट. हंय कधी तिसरे नसतत. सगळ्यांका म्हायती आसा."
मग मला कुणी सांगितलं का नाही?
"तुमी इचारलास खंय?"
रागाने नाही म्हणाली. खरंच आठवून बघत होती, मी कधी विचारलं होतं का.

२८ मार्च.
उद्या मुंबईला निघतो. कणकवलीहून रात्रीची गाडी. चारही प्रती फडक्यात बांधल्या. मन खंबीर आहे.

२९ मार्च. कणकवली.
गाडी चुकली.

३० मार्च.
चुकली नाही. समोर उभी होती. वाहकाने दोनदा विचारलं, "मुंबई?" मी चहा पीत होतो. ग्लास रिकामा होता, तरी पीत होतो. गाडी गेली.
सकाळी मालवणला आलो. सुनीतीला सगळं सांगितलं. पसे, चाळीस, सगळं. ती ऐकून घेत भाजी चिरत होती, मग चिरायची थांबली. मला वाटलं थिसिसबद्दल काही म्हणेल. ती म्हणाली, "शेवटी शेवटी सुद्धा खाडीवर जायला निघाल्या होत्या त्या."
सरांना पत्र लिहिलं. आधी 'निरीक्षणात मानवी हस्तक्षेप' असं लिहिलं. मग ते खोडून जे झालं ते लिहिलं. एका पानात मावलं.

३१ मार्च, सोमवार.
मुदत संपली. उद्यापासून कॉलेज. प्रिन्सिपॉलना भेटून आलो. माझ्या खुर्चीवर बेडकांच्या बरण्या ठेवल्यात, त्या हलवतो म्हणाले.
निराश व्हायचं कारण नाही. नवी नोंदणी करता येते. संध्याकाळी बसून नवा विषय ठरवला: खाडीतले खेकडे. या वेळी पद्धतशीर. घाई नाही, गृहीतक नाही, आधी पूर्ण माहिती. टप्पे लिहायला घेतले.
(१) जागा निवडण्याआधी जानकीकाकीला विचारणे.