नळीवरचे सूत

भावोजी,

डिझेल गाडीची चावी मी नेली आहे, शोधू नये. काल परळच्या पुलावरून उतरताना ब्रेक दगडासारखा घट्ट झाला, तेव्हा आपण म्हणालात, "पायात जोर नाही रे तुझ्या." आज सकाळी बॉनेट उघडले. ब्रेकला जोर पुरवणारी व्हॅक्यूमची नळी चिरली आहे आणि चिरेवर आपण सूत गुंडाळले आहे. इंजिन चालू केले की तिथून दमेकऱ्याच्या छातीतल्यासारखी शीळ येते. गिरणी सुटून सहा वर्षे झाली, तरी आपली भिस्त सुतावरच. सुताने हवा अडत नाही.

भायखळ्याहून नवी नळी आणतो. बकुळाताईचे दिवस भरले आहेत. तोवर कळा सुरू झाल्याच, तर आपल्या पायातला जोर टॅक्सी शोधण्यात खर्ची घालावा.

हरेश्वर