डब्यातले फुटाणे

४ मार्च २०१७, शनि.
बाबांना बुकित तिमाहच्या जंगलात नेलं. नाशिकहून सिंगापूरला येऊन आठवडाच झालाय. म. दर शनिवारी तिथे पळायला जातोच, मग तिघं गेलो. झाडं बघून बाबा खूश. वाटेत माकडं दिसली, लगेच हात जोडले. म्हणे, शनिवार, आणि मारुतीपुढे रिकाम्या हाताने? पाटी वाचून दाखवली. खायला घातलं तर दंड. वर माकडं सोकावतात, पिशव्या ओढतात. आमचा पीआरचा, इथे कायम राहण्याचा अर्ज आत आहे. नाव खराब झालं तर संपलं. म. तोवर पळत पुढे निघून गेलेला.

११ मार्च, शनि.
सासरे-जावई सातलाच गेले. डब्यातले फुटाणे निम्म्यावर. बाबांना विचारलं. म्हणाले, "मला दात कुठे आहेत फुटाणे खायला?" आणि पेपरात डोकं. दाल में काला.

१५, बुध.
धुण्याआधी बाबांचे खिसे तपासले. रुमाल, बसचं कार्ड. सख्ख्या बापाचे खिसे! लाज वाटली. तरी सदऱ्याचाही पाहिला.

१८, शनि.
डोकं दुखतंय सांगून मी घरी थांबले, मग पुढच्या बसने मागोमाग. चढावर बाबा वाटेकडे तोंड करून उभे, पहाऱ्याला. त्यांच्यामागे, झाडीत, म. ओंजळीत फुटाणे, समोर माकडीण, पोटाशी पिल्लू.

म.! घरात देव्हारा नको म्हणून माझ्याशी भांडलेला.

"अकरा शनिवार बोललोय मारुतीला, पीआरसाठी. हा नववा."

म्हणजे बाबा यायच्या आधीपासून. पळायला जातो म्हणे! ज्याच्यासाठी नवस, त्याच्याच मुळावर उठलाय. बाबांना म्हटलं, तुम्ही तरी अडवायचं. तर, "जावई माणूस. अडवणार कसा? एकटा सोडवेना."

परतताना बसमध्ये मला रडू येत होतं, रागाने की कशाने, कोण जाणे.

२५, शनि.
बाबांचा गुडघा सुजलाय, ते येणार नाहीत. म. बूट घालून दारात. दोनच राहिलेत, म्हणतो. जा म्हणवत नाही. नको म्हटलं, आणि अर्ज फेटाळला गेला, तर तो बोलणार नाही, पण मी जन्मभर स्वतःला खात बसेन. माझा विश्वास नाहीये असल्या गोष्टींवर. नाहीये ना?

आत्ता विचारलं त्याने, "वाटेवर तू उभी राहशील?"

पाण्याची बाटली भरायला म्हणून आत आलेय. तो लिफ्टपाशी थांबलाय.